पांढऱ्या गोंदाचं अस्तर

नखाने नुसतं टोकरलं आणि निळ्या रंगाची कड बोर्डावरून वर आली. कपाळावरची टिकली निघते तितकी सहज. टीचरनी हात मागे घेतला. मी दाराशी बसून राळ चाळत होते. माझी चाळणी थांबली.

"सुनंदा, इकडे ये जरा."

सुनंदा मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्या कडेखाली एक पोस्टकार्ड सरकवलं. पोस्टकार्ड अर्ध्यापर्यंत आत गेलं. कुठेही अडलं नाही.

"हे चिकटलेलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "नुसतं ठेवलंय."

मुंबईच्या गॅलरीची गाडी नवव्या दिवशी येणार होती. तिच्यातून टीचरचे नऊ बोर्ड जायचे होते. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांना पहिल्यांदा कुणीतरी एक अख्खी भिंत देऊ केली होती.

रंग का सुटला ते त्या शेडमध्ये एकाच माणसाला माहीत होतं. मला.

आधी काम काय होतं ते सांगते. टीचर म्हणजे हिल्डाबाई. वसईच्या गावातल्या, शाळेत ड्रॉइंग शिकवून वेळेआधीच निवृत्त झालेल्या. सगळा गाव त्यांना टीचर म्हणायचा, म्हणून मीही. त्यांच्या वाडीत एक पत्र्याची शेड होती. पूर्वी तिथे केळी वाळवून सुकेळी करायचे. आता तिथे टीचर मेणाने चित्रं काढायच्या. सुनंदा मॅडम विरारच्या एका शाळेत शिकवायच्या आणि शनिवार-रविवार तिथे रंगवायला यायच्या.

या चित्राला एन्कॉस्टिक म्हणतात. हा शब्द नीट म्हणता यायला मला वर्ष लागलं. मधमाशीचं मेण वितळवायचं, त्यात थोडी राळ घालायची म्हणजे ते कडक होतं. मग त्यात रंगाची पूड. हा रंग गरम असतानाच ब्रशने लावायचा, कारण ब्रश बोर्डापर्यंत जाईस्तोवर तो थिजायला लागतो. एक थर झाला की त्यावरून हीट गन फिरवायची. हीट गन म्हणजे केस वाळवायच्या यंत्राचा तापट भाऊ. तिच्या उष्णतेने वरचा थर खालच्याशी एकजीव होतो. त्याला फ्यूज करणं म्हणतात. असे दहा, पंधरा, वीस थर. चित्र आतून उजेड असल्यासारखं दिसतं.

पण सगळ्यात खालचा थर कशाला धरणार? त्यासाठी प्लायवूडवर आधी पांढरं अस्तर देतात. खडूची पूड आणि सरस. अस्तर वाळलं की टीपकागदासारखं होतं. गरम मेण त्यात मुरतं आणि तिथेच घट्ट बसतं. हे अस्तर कालवणं, लावणं, पॉलिश पेपरने घासणं, हे माझं काम.

मी मूळची रिसोडकडची. सातवीनंतर शाळा सुटली. मामेबहीण विरारला मनवेलपाड्याच्या चाळीत राहायची, तिने मला आणलं आणि वसईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या मेणबत्तीच्या कारखान्यात लावून दिलं. वर्षभरात तिच्या नवऱ्याला सुरतेला काम मिळालं. ती गेली, खोली माझ्याकडे राहिली. चाळीत बायका चांगल्या होत्या. पण मी तोंड उघडलं की हसायच्या. "काय करून राहिली गं?" असं माझ्याच बोलीत मला विचारायच्या. मग मी तोंड उघडणं कमी केलं. त्याच सुमाराला आमचा भाग अकोल्यातून निघून वाशिम नावाच्या नव्या जिल्ह्यात गेला. मी घरी नसताना जिल्हाच बदलला. पत्रावर काय लिहावं ते कळेना, म्हणून दोन महिने पत्रच टाकलं नाही. एसटीडी बूथवरून गावच्या दुकानात फोन लावायचे. दुकानदार आईला बोलवायला पोरगं पाठवायचा आणि ती येईपर्यंत इकडे मीटरवर माझे आकडे पळत राहायचे. आई आली की मी म्हणायचे, "बरी आहे." तीही म्हणायची, "बरी आहे." आणि फोन ठेवायचा.

टीचर कारखान्यात मेण घ्यायला आल्या होत्या. मी एक तुकडा अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हटलं, यात पॅराफिन आहे, मधमाशीचं मेण असं चुरत नाही, मऊ होऊन वळतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. वसईत आल्यापासून मला असं कुणी पाहिलं नव्हतं. पुढच्या सोमवारपासून मी त्यांच्याकडे लागले. त्यांनी मला स्टुलावर बसायला सांगितलं, चहा दिला, कप वेगळा ठेवला नाही. एवढ्यावरच मी त्यांच्यासाठी काहीही करायला तयार होते. आणि नेमकी तिथेच चूक झाली.

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. बारा वर्षांची असताना बाबांनी घातली. माळ घातलेल्याने मांस-मासळीला शिवायचं नाही. कारखान्यात यावरून चिडवायचे, म्हणून मी ती ड्रेसच्या आत ठेवायचे. टीचरच्या घरात रोज मासळी. दुपारी त्या म्हणायच्या, "आत ये, टेबलावर जेव." मी डबा घेऊन विहिरीच्या कठड्यावर जायचे. म्हणायचे, "बाहेर बरं वाटतं." त्यांना वाटायचं, पोर लाजते. त्यांचा अपमान होऊ नये म्हणून मी सांगितलं नाही. रोज एकटी जेवायचे. केळीची पानं वाजायची, आतून त्यांच्या घरच्या बोलीतलं बोलणं ऐकू यायचं, आणि त्यातलं अर्धंही मला कळायचं नाही.

सरस कशाचा करतात हे मला ठाऊक नव्हतं. पिवळट कण असतात, पाण्यात फुगतात, गरम केले की घाण वास येतो. मला वाटायचं झाडाचा डिंक असेल. चार बोर्ड मी त्याने केले. मग एका शनिवारी सुनंदा मॅडम पातेल्यात डोकावून नाक धरत म्हणाल्या, "मेण मधमाशीचं, ब्रश डुकराच्या केसांचा, सरस म्हशीच्या हाडा-कातड्याचा. हिल्डा, तुझं चित्र म्हणजे राणीची बाग आहे!"

दोघी हसल्या. माझे हात मनगटापर्यंत त्यात होते.

विहिरीवर जाऊन हात धुतले. परत धुतले. दोन दिवस घास गिळवेना. टीचरना सांगावं असं सारखं मनात यायचं. पण काय सांगणार? तुम्ही दिलेल्या कामाची मला शिसारी येते? कप वेगळा न ठेवणाऱ्या बाईला मी असं म्हणू? आणि त्या म्हणाल्या, "मग राहू दे, दुसरी बघते," तर? परत कारखाना, नाहीतर गाव. मनातल्या मनात मी हे शंभरदा बोलून पाहिलं. प्रत्येक वेळी शेवटी मी एसटीत बसलेली असायचे.

बोर्डाला पट्ट्या ठोकून देणाऱ्या सुताराकडे पांढऱ्या गोंदाचा डबा होता. लाकूड जोडायचा गोंद. मी विचारलं, "यात जनावराचं काही असतं का हो?" तो म्हणाला, "नाय गो, प्लास्टिक आहे सगळं." माझा जीव भांड्यात पडला. मी खडूची पूड त्या गोंदात कालवली. वास नाही, गुठळ्या नाहीत, घासल्यावर संगमरवरासारखं गुळगुळीत. पुढचे पाच बोर्ड मी तसे केले.

टीचरनी पहिल्याच बोर्डावरून हात फिरवला. "इंदू, या वेळी अस्तर काय सुंदर जमलंय! हात बसला तुझा."

त्या दिवशी मनवेलपाड्यापर्यंत मी आनंदात गेले. पोचल्यावर सांगायला कुणी नव्हतं, तरीही.

आता माझी चूक सांगते. प्लास्टिकच्या गोंदात काहीच मुरत नाही. स्टीलच्या ताटात तूप थिजतं तसं मेण त्यावर नुसतं थिजून बसतं. गरमीचे दिवस होते तोवर निभावलं. जानेवारीत पहाटे वसईच्या वाड्यांमध्ये चांगली थंडी पडते. मेण थंडीने आकसतं. आकसलं आणि सुटलं.

हे सगळं मला त्या क्षणी कळलं, पोस्टकार्ड आत जाताना. मी मेणबत्तीच्या कारखान्यातली. साच्यातून मेणबत्ती कशी सुटते हे मला कळणार नाही तर कुणाला?

मी पुन्हा राळ चाळायला लागले.

सुनंदा मॅडम म्हणाल्या, "मेणात भेसळ असणार."

"मेण इंदूने तपासलंय," टीचर म्हणाल्या. "ते चुकणार नाही."

हे वाक्य मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

टीचरनी पोस्टकार्ड बाहेर काढलं. मग म्हणाल्या, "माझंच चुकलं. फ्यूज कमी केलं मी. रंग हलेल म्हणून घाबरत घाबरत गरम केलं. पहिला थर धरलाच नाही."

"मग पुन्हा गरम कर."

"तेच करते."

त्या दुपारी त्यांनी निळ्या बोर्डावर हीट गन धरली. खालपर्यंत उष्णता जावी म्हणून जवळून, खूप वेळ. निळ्यात पांढरा उतरला, पांढऱ्यात मातकट. तीन महिन्यांचं काम पाच मिनिटांत डबक्यासारखं झालं. त्यांनी गन ठेवली, ब्रश पुसले, घरात गेल्या. मला म्हणाल्या, "तू जा आज लवकर."

मी गेले. खोलीत बसून राहिले. मनवेलपाड्यात एक माणूस असता, कुणीही, ज्याला "माझ्या हातून असं झालं" म्हणता आलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी सकाळीच टीचरना सांगितलं असतं असं मला वाटतं. पहिल्यांदा बोलायला जीभ वळली की दुसऱ्यांदा सोपं जातं. माझी वळलीच नव्हती.

रविवारी गेले तर टीचरनी दुसरा बोर्डही गरम केला होता. तोही गेला. उरलेल्या तिन्हींच्या कडाही नखाने सुटत होत्या. सुनंदा मॅडम समजावत होत्या.

"अगं, बाकीचे जसे आहेत तसे पाठव. तुझे पहिले चार तर पक्के आहेत."

"तेच कळत नाही ना! चार जमले आणि पुढचे पाच नाही. म्हणजे जमले ते चुकून जमले." टीचरचा आवाज अगदी साधा होता. वर्गात हजेरी घ्यावी तसा. "उद्या गॅलरीला फोन करते. भिंत दुसऱ्या कुणाला द्या म्हणते. मला हे येत नाही, सुनंदा. येतं असं वाटत होतं."

आणि त्यांनी तिसरा बोर्ड टेबलावर घेतला. तांबड्या मातीच्या रंगाचा, वर चुन्यासारख्या बारीक रेघा. मला सगळ्यांत जास्त आवडायचा तो. त्यांनी गन सुरू केली.

मी उठले आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

गन घरघरत थांबली. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"काय गं?"

मी शुद्ध बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते घरचंच. "तुमचा हात चुकला नाही, टीचर. चूक माही हाय. त्याले गरम नका करू."

"कसली चूक?"

"अस्तर. पाच बोर्डांले सरस नाही घातला. सुताराचा पांढरा गोंद घातला."

सुनंदा मॅडमनी कपाळावर हात मारला. "प्लास्टिकचा? अगं बाई! कुणी सांगितलं तुला?"

"कोणीच नाही."

"आळस? वास येतो म्हणून?"

मी ड्रेसमधून माळ बाहेर काढून दाखवली. दुसरं काही सुचलं नाही. सुनंदा मॅडम चष्मा काढून पुसायला लागल्या. राणीच्या बागेचा विनोद त्यांना आठवला असावा.

टीचर माळेकडे पाहत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, पिशवी उचल. त्या म्हणाल्या, "म्हणून कठड्यावर जेवतेस होय तू? दीड वर्षं?"

"हो."

"माझी आई ईस्टरच्या आधी चाळीस दिवस मटणाला हात लावत नसे. मला काय हे कळलं नसतं? मला मूर्ख समजलीस?"

"नाही, टीचर."

"मग?"

"तुम्ही काढून टाकाल असं वाटलं."

"आत्ता टाकावंसं वाटतंय," त्या म्हणाल्या. आता मात्र आवाज चढला. "सरस नको होता, तर नुसत्या लाकडावर केलं असतं! कोऱ्या प्लायवूडवर मेण मस्त बसतं. पांढरेपणा जरा कमी मिळाला असता. बस. एक वाक्य, इंदू. तुझ्या एका वाक्याचं काम होतं."

त्या पाठमोऱ्या होऊन खिडकीशी गेल्या. तिथूनच म्हणाल्या, "म्हणजे माझं फ्यूजिंग बरोबर होतं."

"एकदम बरोबर होतं. थर एकमेकांपासून सुटलेच नाहीत. सुटलं ते अख्खं पान सुटलं."

हे बोलले आणि मलाच पुढचं सुचलं. अख्खं पान. कारखान्यात साच्यात अडकलेली मेणबत्ती आम्ही थंड पाण्यात बुडवायचो. मेण आकसतं, साचा सोडतं, मेणबत्ती न तुटता बाहेर. उरलेल्या तीन बोर्डांना पाठीमागून गार केलं तर? चित्राचं पान सबंध काढून कोऱ्या लाकडावर बसवता येईल.

मी अडखळत सांगितलं. सुनंदा मॅडम म्हणाल्या, "तुटलं तर?"

टीचर म्हणाल्या, "तसंही गेलेलंच आहे. बर्फ कुठे मिळेल एवढा?"

एवढा बर्फ वसईत एकाच ठिकाणी मिळायचा. मी रिक्षा करून कोळीवाड्यात गेले. तिथल्या मावशीने गोणपाटात लादी गुंडाळली आणि इकडेतिकडे पाहिलं. "म्हावरं कुठं हाय गो तुजं?"

"म्हावरं नाही मावशी. चित्राला पाहिजे."

"चित्राला बर्फ? येडी का काय? ने, पानी व्हायच्या आत ने."

रिक्षाभर मासळीचा वास. लादी मांडीवर, गोणपाटातून पाणी पायावर. मला काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण ते नंतर वाटून घेऊ असं ठरवलं.

बोर्ड बर्फाच्या चुऱ्यावर पाठीवर ठेवले. पाव तास. टीचरनी चारही बाजूंनी पातळ सुरी फिरवली. पहिला होता तो तांबड्या मातीचा. सुरी मधोमध पोचली आणि टक्क आवाज झाला. पानाचे तीन तुकडे. आम्ही घाई केली होती. फार गार मेण काचेसारखं असतं, ते जरा निवांत कोमट होऊ द्यायला हवं होतं. सुनंदा मॅडम काहीतरी बोलायला गेल्या, टीचरनी हात वर करून थांबवलं. "पुढचा."

पुढच्या दोन्हीला आम्ही वेळ दिला. दोन्ही पानं सबंध निघाली. कोऱ्या प्लायवूडवर मेणाचा गरम हात मारला, पानाची पाठ हीट गनने ओलसर केली आणि तिघींनी एकेक टोक दोन्ही हातांनी धरून ते हळूच खाली ठेवलं. चौथं टोक सुनंदा मॅडमनी कोपराने सांभाळलं. मग रेतीच्या पिशव्या ठेवून दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी टीचरनी नखाने टोकरलं. नख वाकलं, कड नाही.

गॅलरीतल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते.

"नऊ म्हणाला होता ना तुम्ही?"

"सहा आहेत. चालत असतील तर गाडी पाठवा, नसतील तर नका पाठवू."

गाडी आली. सहा बोर्ड गेले. भिंत मोठी होती, बोर्डांमध्ये जागा जास्त सुटली. बघायला आलेल्या एकाने ती मोकळी जागा फार विचारपूर्वक ठेवली आहे म्हणून टीचरचं कौतुक केलं म्हणे. सुनंदा मॅडमनी येऊन सांगितलं. मी प्रदर्शनाला गेले नाही. मला कुणी नको म्हटलं नव्हतं. चल असंही कुणी म्हटलं नव्हतं.

टीचरनी मला काढलं नाही. पण पुढचे दोन महिने अस्तर त्यांनी स्वतः केलं. मला मेण गाळायला आणि ब्रश साफ करायला ठेवलं. कामापुरतं बोलायच्या. जेवायला मला आत टेबलावर घ्यायच्या, माझ्यासाठी भाजी वेगळी करायच्या, आणि जेवताना गप्प असायच्या. कठड्यावर एकटीने जेवण्यापेक्षा ते जास्त एकटं होतं. तरी मी एक दिवसही चुकवला नाही. मग एकदा त्यांनी खडूची पिशवी माझ्यासमोर ठेवली आणि बाहेर गेल्या. सुनंदा मॅडमनी कुठल्याशा पुस्तकातून फाटलेल्या दुधाचा साका आणि चुना यांचं अस्तर शोधून काढलं होतं. त्यालाही वास येतो, पण तो वास मला चालतो.

आज मी चार चित्रकर्तींसाठी बोर्ड तयार करते. धंदा छोटा आहे, पण अस्तर कुणाचं सुटलेलं नाही. नव्या माणसाला शिकवायची वेळ आली तर मी एवढंच सांगेन: डब्यात काय घातलं ते आपल्या तोंडाने सांगावं, लगेच सांगावं. मी तर कालवतानाच मोठ्याने म्हणते. साका एवढा, चुना एवढा, खडू एवढा. बहुतेक वेळा खोलीत मी एकटीच असते. तरी म्हणते.